रुसवा संपतो कसा?

लहानपणी मी घरातली पोस्टमन होते. आई-बाबांचा अबोला सुरू झाला की सगळे निरोप माझ्यामार्फत जायचे. "बाबांना सांग, पानं घेतलीत." बाबा दोन हातांवर बसलेले असायचे, त्यांनी ते ऐकलेलंही असायचं, तरी मी जाऊन सांगायची. "आईला म्हणावं, मला भूक नाही." हेही आईने ऐकलेलं असायचं. हा कारभार कधी एक दिवस चालायचा, कधी आठवडाभर. एकदा पितृपंधरवड्यात धरलेला अबोला थेट घटस्थापनेला सुटला. तो सुटायचा कसा, हे मात्र मला कधी दिसलं नाही. एखाद्या सकाळी उठावं तर दोघं पेपरातल्या बातमीवर बोलत असायचे आणि माझी नोकरी गेलेली असायची.

खरं प्रेम कसं ओळखायचं, असं कुणी विचारलं की मला हा अबोला आठवतो. बहुतेक लोक या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे शोधतात. किती आठवण येते, किती झुरायला होतं, तिच्यासाठी किंवा त्याच्यासाठी काय काय सोडायची तयारी आहे, यावर प्रेम जोखलं जातं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी माकडांच्या पिंजऱ्यांपासून नवराबायकोच्या भांडणांपर्यंत जे काही तपासून पाहिलं, ते वाचताना मला वाटत गेलं की जोखायची जागा वेगळी आहे. दोघांचं बिनसतं, हे तर ठरलेलंच. बिनसल्यावर ती दोघं एकमेकांकडे परत कशी येतात, तिथे बघावं.

त्याआधी शब्दांचा थोडा गुंता सोडवू. प्रेम या एका शब्दात आपण निदान तीन गोष्टी कोंबतो. मराठीत त्यांना वेगवेगळी नावं आहेत, आणि गंमत त्यांच्या क्रियापदांत आहे. ओढ लागते; तिच्यावर आपला काही इलाज नसतो. लळा लागतो, पण लावताही येतो. माया मात्र करावी लागते. संशोधकही साधारण अशीच विभागणी करतात: आकर्षण, जोडलं जाणं आणि काळजी वाहणं. तिघांचं काम वेगळं आणि वेळापत्रकही वेगळं. आपण तिन्ही एकाच फूटपट्टीने, बहुधा ओढीच्या, मोजतो आणि मग घोळ होतो.

ओढ

इटलीतल्या पिसा विद्यापीठात डोनातेला मराझिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं. तुलनेसाठी ओसीडीचे, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो त्याचे, २० रुग्ण घेतले आणि २० इतर माणसं. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची ने-आण करणारं एक प्रथिन रक्तातल्या प्लेटलेट्समध्येही असतं. ते प्रेमात पडलेल्यांत आणि मंत्रचळाच्या रुग्णांत सारखंच कमी निघालं. पुन्हा पुन्हा हात धुणारा माणूस आणि पुन्हा पुन्हा फोन उघडून 'लास्ट सीन' बघणारा माणूस, दोघांच्या रक्तात एकच खूण! साधारण वर्ष-दीड वर्षाने प्रेमात पडलेल्यांपैकी काहींना परत तपासलं, तेव्हा ती खूण गेलेली होती. हे निष्कर्ष १९९९ साली छापून आले. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण 'पहिल्यासारखं काही राहिलं नाही' अशी तक्रार लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी का सुरू होते, याचा अंदाज त्यावरून येतो.

२००५ मध्ये आर्थर एरन, हेलन फिशर आणि ल्युसी ब्राउन यांनी प्रेमात आकंठ बुडालेल्या १७ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवला. मेंदूत जागा झाला तो डोपामिन तयार करणारा भाग, जो काहीतरी मिळवायचं असलं की कामाला लागतो. म्हणून फिशर म्हणत की हे भावनेपेक्षा तहानेच्या जवळचं आहे. तहान किती लागली यावरून पाणी चांगलं की वाईट ते कळत नाही, हे वाक्य माझं.

याचा अर्थ ओढ खोटी असते किंवा ती सगळ्यांची आटतेच, असं नाही. याच गटातल्या संशोधकांनी पुढे सरासरी २१ वर्षं लग्न झालेली आणि अजून जोडीदारावर जीव असल्याचं सांगणारी १७ माणसं तशीच स्कॅनरमध्ये तपासली. त्यांच्या मेंदूतही तोच भाग जागा झाला. जोडीला आईच्या मायेशी संबंधित असलेले भागही उजळले. म्हणजे ओढ टिकते तिथे ती एकटी टिकत नाही. तोवर लळा आणि माया तिच्या सोबतीला आलेली असतात.

दार उघडतं तेव्हा

लळ्याचा अभ्यास लहान बाळांपासून आणि माकडांपासून सुरू झाला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांना आईपासून तोडलं आणि दोन खोट्या आया दिल्या: एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि बाकी सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. १९५८ मध्ये हार्लो यांनी हे मांडेपर्यंत बाळ आईला चिकटतं ते दुधासाठी, असंच पुष्कळ तज्ज्ञ मानत होते. प्रयोग निर्दय होता. ते फोटो मला आजही नीट बघवत नाहीत.

त्याच काळात इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी हे मनोविकारतज्ज्ञ आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांवर काम करत होते. ते स्वतः उच्चभ्रू घरातले, म्हणजे दाईच्या हाती वाढलेले. चार वर्षांचे असताना त्यांची लाडकी दाई नोकरी सोडून गेली. ते दुःख त्यांना जन्मभर आठवत राहिलं. बोल्बींचं म्हणणं थोडक्यात असं: आपलं माणूस जवळ आहे आणि हाकेला ओ देईल, ही खात्री ही बाळाची भुकेइतकीच मूलभूत गरज आहे. ही गरज पाळण्यापासून तिरडीपर्यंत सुटत नाही.

पण माझा जीव जडला आहे तो मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगावर. एन्सवर्थ १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत घरोघरी बसून आया आणि बाळं बघत होत्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी एक साधा प्रयोग रचला, जेमतेम वीस मिनिटांचा. वर्ष-सव्वा वर्षाचं बाळ आईबरोबर एका अनोळखी खोलीत येतं. खेळणी असतात. एक परकी बाई येते. आई बाहेर जाते, थोड्या वेळाने परत येते. पुन्हा जाते, पुन्हा येते. बस्स, एवढंच.

आता सांगा, बाळाला आईचा लळा किती, हे कधी कळेल? आपण म्हणू, आई गेल्यावर ते किती रडतं त्यावरून. एन्सवर्थ यांनी नेमकं ते बाजूला ठेवलं. त्यांची नजर होती आई परत येते त्या क्षणावर.

काही बाळं आई आली की तिच्याकडे झेपावत, कडेवर जाऊन हुंदके देत, आणि थोड्या वेळाने उतरून परत खेळायला लागत. रडणं झालं, जवळ येणं झालं, विषय संपला. काही बाळं आई आल्याची दखलच घेत नसत. मान वळवून ठोकळ्यांशी खेळत बसत. आपल्याकडे अशा बाळाचं 'किती शहाणं आहे, अजिबात त्रास देत नाही' म्हणून कौतुक होईल. पण पुढे अशा बाळांच्या छातीचे ठोके मोजले तेव्हा ते चांगलेच वाढलेले निघाले. मुद्रा शांत आणि आत धडधड. तिसऱ्या प्रकारची बाळं आईकडे हात करत, आणि तिने उचललं की पाठ ताठ करून तिलाच ढकलत. जवळ घे, आणि घेतलंस म्हणून मार खा. हा तर आपला ओळखीचा रुसवा!

आईवर रागावलेली बाळं आणि नवऱ्यावर रागावलेली मी यात फार फरक नाही, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना हा संशय आधीच आला होता. त्यांनी डेन्व्हरच्या 'रॉकी माउंटन न्यूज' या दैनिकात वाचकांसाठी प्रेमाची प्रश्नावली छापली. पहिल्या ६२० उत्तरांत ५६ टक्के लोकांनी स्वतःला पहिल्या प्रकारात बसवलं: जवळ जाणं जमतं, कुणावर विसंबायला भीती वाटत नाही. २५ टक्के म्हणाले की फार जवळीक झाली की कोंडल्यासारखं होतं. १९ टक्क्यांना सतत धास्ती असे की समोरचा आपल्याला सोडून जाईल. १९८७ साली हे निष्कर्ष आले आणि मोठ्यांच्या प्रेमाकडे लळ्याच्या नजरेने बघायला सुरुवात झाली.

हल्ली इन्स्टाग्रामवर या तीन प्रकारांचं राशीभविष्य झालं आहे. मुलगी 'ॲन्क्शस' (धास्तावलेली), मुलगा 'अव्हॉइडंट' (जवळीक टाळणारा), म्हणजे पत्रिका जुळत नाही. तसं नसतं. एकच माणूस आईशी एका तऱ्हेने वागतो, बायकोशी दुसऱ्या, मित्राशी तिसऱ्या. आणि हे बदलतं. हाकेला ओ देणारं माणूस काही वर्षं सोबत राहिलं की धास्तावलेला जीवही हळूहळू टेकतो.

आणखी एक प्रयोग, कारण तो वाचून मला स्वतःला फार हायसं वाटलं. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात आयांना सांगितलं, बाळाशी खेळता खेळता दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार करा. बाळ आधी हसून बघतं, मग हातवारे करतं, ओरडतं आणि शेवटी मान फिरवून कोलमडतं. (अबोला धरणाऱ्या प्रत्येकाने त्या प्रयोगाचा व्हिडिओ एकदा बघावा.) पण ट्रॉनिक यांचं त्याहून मोलाचं निरीक्षण वेगळं आहे. चांगल्या, प्रेमळ आयांचे आणि त्यांच्या बाळांचेही सूर एकूण वेळेपैकी साधारण ३० टक्केच जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकामूक असते: बाळाला झोप आलेली, आई खुळखुळा वाजवते आहे. मग आईच्या लक्षात येतं, ती थांबते, पुन्हा जुळतं. बाळाचा विश्वास बसतो तो या पुन्हा जुळण्यामुळे. शंभर टक्के जुळलेली आई बाळाला मिळाली, तर बिघडलेलं नीट होतं हे ते शिकणार कुठे?

राग येतो, राग काढतो

भावनिक परिपक्वता हा शब्द ऐकला की मला एखादा हिमालयातला साधू दिसतो, ज्याला राग येत नाही. ही कल्पना डोक्यातून काढलेली बरी. मराठीचं व्याकरण इथे फार उपयोगी पडतं. आपण 'मी राग आहे' असं म्हणत नाही. 'मला राग आला' म्हणतो. राग येतो, रडू येतं, कंटाळा येतो, हेवा वाटतो. सगळ्या भावना न बोलावता येणाऱ्या पाहुण्या. पण पुढची क्रियापदं आपल्या हातातली आहेत. राग धरतो, गिळतो, काढतो, आवरतो, बोलून दाखवतो. राग येणं आणि राग काढणं यांच्या मधे जी फट असते ती ज्याला सापडली, त्याला मी परिपक्व म्हणेन. काहींना ती फट पासष्टाव्या वर्षीही सापडत नाही, आणि काही शाळकरी पोरांना सापडलेली मी पाहिली आहे.

ती फट रुंद करायची एक साधी युक्ती म्हणजे भावनेला नाव देणं. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या चेहऱ्यावरच्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं, की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची धडधड कमी होई. मात्र नाव नेमकं हवं. 'काही नाही' हे नाव नव्हे. 'तू नेहमीच असं करतोस' हेही नव्हे, ती समोरच्यावरची फिर्याद झाली. 'तू सगळ्यांसमोर माझं बोलणं तोडलंस, तेव्हा मला लाज वाटली' यात नाव आहे. आपल्या घरांत राग, टेन्शन आणि 'डोकं दुखतंय' या तीन शब्दांवर अख्खं आयुष्य निघतं, त्याला काय करावं!

दुसरी गोष्ट शरीराची. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी, आणि त्याआधी रॉबर्ट लेव्हन्सन यांच्यासोबत, जोडप्यांना ठोके मोजणाऱ्या तारा लावून भांडायला बसवलं. त्यांना दिसलं की भांडता भांडता छातीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं धड ऐकूच येत नाही. विनोद सुचत नाही, चूक मान्य होत नाही, जुनंच वाक्य पुन्हा पुन्हा फेकलं जातं. एका प्रयोगात भांडण रंगात असताना संशोधकांनी उपकरण नीट करायचं निमित्त सांगून ते मधेच थांबवलं. जोडप्यांना अर्धा तास मासिकं वाचायला दिली, विषयावर बोलायचं नाही असं बजावलं. परत बोलायला बसली ती जणू दुसरीच माणसं होती. ठोके उतरलेले, बोलणं नरमलेलं. गॉटमन सांगतात, थांबायचं तर निदान वीस मिनिटं तरी, आणि त्या वेळात मनातल्या मनात उत्तरं घोटत बसायचं नाही.

मग अबोला आणि असं थांबणं यात फरक काय? दोन्हींत माणूस गप्पच असतो. फरक एकाच वाक्याचा आहे. 'आत्ता मला बोलता येणार नाही, जेवणं झाली की बोलू.' यात परतीची वेळ सांगितलेली असते. एन्सवर्थ यांच्या खोलीतली आई बाहेर जाते तेव्हा बाळाला घड्याळ कळत नाही. आपल्याला कळतं, तरी आपण सांगत नाही. अबोल्याची सगळी ताकद वेळ न सांगण्यात आहे. समोरच्याला टांगून ठेवण्यात एक सत्ता असते, आणि ती चाखलेल्या माणसाला सोडवत नाही. माझ्या आईकडे त्या घरात दुसरी कुठलीच सत्ता नव्हती, हेही खरं. म्हणून तिच्या अबोल्यावर मी एका मर्यादेपलीकडे टीका करत नाही.

गॉटमन यांची आणखी दोन निरीक्षणं. जोडप्यांच्या वादांपैकी ६९ टक्के कधीच सुटत नाहीत. स्वभावातून, सवयीतून येतात आणि जन्मभर राहतात. आमच्या घरी असा वाद पंख्याचा आहे. रेग्युलेटर तीनवर की पाचवर, यावर लग्नापासून एकमत नाही. सुखी जोडप्यांचेही वाद असे पडूनच असतात, फक्त त्यांना त्याबद्दल हसून बोलता येतं. दुसरं असं, की दिवसभरात आपण एकमेकांना छोट्या छोट्या हाका घालत असतो. "अगं, बाहेर बघ, किती भरून आलंय!" यावर कुणी खिडकीशी येतं, कुणी मोबाइलमधून 'हं' म्हणतं, कुणी म्हणतं, 'कामं पडलीत मला.' लग्नानंतर सहा वर्षांनी जी जोडपी टिकून होती, ती अशा हाकांना ८६ टक्के वेळा ओ देत होती. जी विभक्त झाली ती ३३ टक्के वेळा. कुठलं लग्न मोडणार हे आधीच सांगता येतं, या गॉटमन यांच्या दाव्यावर इतर संशोधकांनी चांगलीच टीका केली आहे. ती मला पटते. पण हाकेला ओ देण्याचा मुद्दा पटायला मला आकड्यांचीही गरज वाटत नाही.

समंजस कोणाला म्हणायचं?

इथे एक धोक्याचं वळण आहे. आपल्याकडे परिपक्वतेचं कौतुक बहुधा बाईच्या वाट्याला येतं आणि त्याचा अर्थ गिळणं असा होतो. 'तू मोठी आहेस, तू समजून घे.' 'सून अगदी समंजस आहे, कधी उलटून बोलत नाही.' ती उलटून बोलत नाही, पण तिची पाठ दुखते, आम्लपित्त होतं, आणि वीस वर्षांनी ती सगळं सुनेवर काढते. गिळलेला राग गेलेला नसतो. ठोकळ्यांशी शांतपणे खेळणारं, आतून धडधडणारं ते बाळ आठवा.

मला या बाबतीत एक पत्र नेहमी आठवतं. आनंदीबाई जोशी, आपल्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक. १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. बायकोला शिकवायचं या वेडाने झपाटलेला. त्याने समाजाचा छळ सोसला, गावोगाव बदल्या घेतल्या, आणि १८८३ मध्ये तिला एकटीला अमेरिकेला पाठवलं. त्या काळात असा नवरा! यापेक्षा खरं प्रेम ते कुठलं, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाई त्यालाच सांगतात की तुमचं माझ्याशी वागणं चांगलं होतं की वाईट, हे ठरवणं कठीण आहे. मला विचाराल तर ते दोन्ही होतं. शेवटचा हेतू पाहिला तर योग्य, पण लहान मुलीच्या मनावर होणारा परिणाम पाहिला तर चूक. आणि मग त्या वयानिशी यादी देतात: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी पुस्तकं आणि खुर्च्या फेकून मारल्यात, सोडून जाईन अशी धमकी दिलीत, चौदाव्या वर्षी आणखी कसल्या कसल्या शिक्षा केल्यात.

हे लिहिणारी मुलगी जेमतेम विशीची होती. घरापासून हजारो मैल लांब, प्रकृती ढासळत चाललेली. तिने त्याचे उपकार नाकारले नाहीत आणि मारही झाकला नाही. दोन परस्परविरोधी सत्यं तिने एका वाक्यात शेजारी शेजारी बसवली. 'तो देवमाणूस' किंवा 'तो राक्षस' यापैकी एक म्हणून मोकळं होणं कितीतरी सोपं असतं. गोपाळरावांकडे स्वप्न होतं, जिद्द होती, त्यागही होता. राग येण्याच्या आणि काढण्याच्या मधली फट नव्हती. त्याची किंमत एका पोरीने मोजली. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, पुण्यात गेली.

म्हणून परत येण्याचं कौतुक करताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रात्री हात उगारायचा आणि सकाळी गजरा आणायचा, याला परत येणं म्हणत नाहीत. दोन्ही एकाच चक्राचे आरे आहेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने मारहाणीसोबत शिवीगाळ, अपमान, भावनिक छळ आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसाच मानलं आहे. तिथे समंजसपणा दाखवायची जबाबदारी मार खाणाऱ्याची नसते. घर सोडणं हाही परिपक्व निर्णय असू शकतो.

'प्रेमविवाह टिकतो की ठरवून केलेला?' हा प्रश्न अजून आपल्या लग्नघरांत आवडीने चघळला जातो. त्यावर १९८२ साली जयपूरमध्ये उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांनी ५० जोडप्यांचा अभ्यास केला होता. प्रेमविवाहात सुरुवातीचं प्रेम वर आणि पुढे उतरतं, ठरवलेल्या लग्नात पाच वर्षांनंतर चढतं, असं त्यात दिसलं. व्हॉट्सॲपवर हा अभ्यास काका-मामांच्या हातातलं शस्त्र झाला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या भारतीय जोडप्यांवर झालेल्या अभ्यासात मात्र दोन्ही तऱ्हेच्या लग्नांत काहीच फरक आढळला नाही. मला यात नवल वाटत नाही. पत्रिका कुणी जुळवली, यावरून बिनसल्यानंतर कोण कसं वागेल हे कसं कळणार?

कळतं ते हाताच्या स्पर्शात. २००६ चा जेम्स कोन यांचा प्रयोग आहे. १६ विवाहित स्त्रियांना स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं की अधूनमधून घोट्याला विजेचा हलका झटका बसेल. एकदा त्यांचा हात कुणीच धरला नाही, एकदा परक्या माणसाने धरला, एकदा नवऱ्याने. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची हालचाल सगळ्यात कमी झाली. आणि ज्यांचं घरी चांगलं चाललं होतं त्यांच्यात आणखी कमी. नवरा तिथे बोलत नव्हता, उपदेश करत नव्हता. नुसता हात.

आपल्या घरांत 'माझं चुकलं' हे शब्द क्वचितच कानावर पडतात. त्याऐवजी चहा येतो. 'जेवलीस का?' येतं. सोललेल्या डाळिंबाची वाटी न बोलता टेबलावर ठेवली जाते. मी याला पूर्वी पळवाट म्हणायची. आता निम्मंच म्हणते. छोट्या खटक्याला डाळिंब पुरतं. पण शब्द लागले असतील तर शब्दच लागतात, वाटीने भागत नाही. माझ्या आईबाबांच्या पेपरातल्या बातम्या म्हणजे त्यांचं डाळिंबच होतं, हे मला आता कळतं. त्याखाली न बोललेलं किती साठलं होतं, हेही.

परवा आमचं भांडण झालं. सुरुवात पंख्याने झाली आणि बोलणं नणंदेच्या लग्नातल्या एका जुन्या प्रसंगापर्यंत गेलं. आवाज चढला. नवरा उठला, चपला घातल्या आणि दारातून म्हणाला, "अर्धा तास दे. साडेनऊला येतो." मुलगी खोलीतून बाहेर आली.

"बाबा कुठे गेला?"

"चक्कर मारायला. साडेनऊला येईल."

"भांडलात?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि फ्रिजमधली पाण्याची बाटली घेऊन परत आत गेली.

तो नऊ चाळीसला आला.

"दहा मिनिटं उशीर," मी म्हटलं.